पलटणीचं वावर

वर्ग भरला. एकेका बाकावर चौघं कोंबून बसली, दोघीतिघी खिडकीला टेकल्या. कॉलेजातल्या इतिहास मंडळाची पहिलीच सभा आणि एवढी गर्दी! प्रणाली हरखून गेली.

मग सगळ्यांनी वह्या काढल्या.

"मॅडम, नोट्स सांगसान का झेरॉक्स देसान?" पहिल्या बाकावरच्या नितेशनं विचारलं.

मॅडम कसली, प्रणाली बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. तिनं मैत्रिणीकडं, तुबाकडं पाहिलं. तुबानं कपाळावर हात मारला. पाटी तिनंच लिहिली होती: इतिहास, दर शनिवारी, मोफत. आता अमरावतीत इतिहासापुढं मोफत लिहिल्यावर पोरं काय समजणार? स्पर्धा परीक्षेचा फुकट क्लास. दुसरं काय!

"हा क्लास नाही," प्रणाली म्हणाली. "मंडळ आहे. आपल्या इकडचा इतिहास आपणच शोधाचा."

"परीक्षेत येते का?"

"नाही."

"मंग कायले?"

वह्या मिटल्या, बाक करकरले. दारात विभागप्रमुख शेखर सर हाताची घडी घालून उभे होते. वर्षभर मागं लागून प्रणालीनं त्यांच्याकडून ही खोली मिळवली होती, तीही अटीवर. पोरं टिकली तर खोली मंडळाची, नाही तर पुढच्या शनिवारपासून इथं परीक्षेची तयारी. सर वाईट नव्हते. रिकाम्या बाकांपुढं इतिहास शिकवून शिकवून कंटाळले होते, एवढंच.

प्रणालीला रडू यायचंच बाकी राहिलं. एवढ्या मोठ्या शहरात मार्क सोडून बोलायला चार माणसं मिळू नयेत?

नितेश उठला, तसं तिनं त्यालाच धरलं.

"तुयं गाव कोणतं?"

"वलगावच्या पुढं. कावून?"

"घरी वावर आहे?"

"हाय नं."

"नाव काय त्याचं?"

वऱ्हाडात नाव नसलेलं शेत शोधून सापडायचं नाही. नितेश म्हणाला, "पलटणीचं वावर."

"कोणती पलटण?"

नितेश डोकं खाजवू लागला. कळायला लागल्यापासून त्या वावरात कापूस वेचला, पण हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

"मालूम नाही बॉ," तो म्हणाला आणि चक्क खाली बसला.

"आमचं हत्तीडोहाचं," मागून आचल म्हणाली. "हत्ती जाऊ द्या, तिथं डोहबी नाही."

"आमाले वावर नाही," तुबा म्हणाली, "पण गल्ली नालबंदाची. घोडा म्या फक्त वरातीत पाह्यला!"

हशा पिकला. उभी राहिलेली पोरं टेकली. जो तो आपापल्या वावराचं नाव सांगू लागला, आणि 'कावून' म्हटलं की प्रत्येकाची गाडी अडू लागली. नितेशनं तर सरळ घरी फोन लावला, तोही स्पीकरवर.

"बाबा, आपल्या वावराले पलटणीचं कावून म्हणतात?"

"तब्येत बरी हाय नं तुयी?" त्याच्या बापाचा, सूर्यभानचा आवाज आला.

"बरी हाय. सांगा नं."

"थांब, पारावर इचारून सांगतो."

शेखर सर आत आले. पुढं सरकायला जागा नव्हती, म्हणून मागच्या बाकाच्या कडेला बसले. कोणाचं लक्षही गेलं नाही.

थोड्या वेळानं फोन वाजला. आधी गलकाच ऐकू आला.

"अबे, इथं भांडण लागलं!" सूर्यभान ओरडत होता. "सहदेव म्हणते पलटण निजामाची, भगवंत म्हणते इंग्रजाची. एक ऐकून नाही राह्यला. तुमच्या सरले इचार, खरं काय?"

सगळ्यांच्या माना मागं वळल्या. सरांनी चष्मा काढून पुसला.

"मलाही माहीत नाही," ते म्हणाले.

"काका, इथं कोणालेच मालूम नाही," प्रणालीनं फोनमध्ये सांगितलं.

सूर्यभान पुन्हा ओरडला.

"मंग या नं बाप्पा सारे इकडं. जेवाले घरीच. पण काय निंघते ते त्या दोघायच्या पहिले मले सांगजा!"

पुढचा शनिवार तिथल्या तिथं ठरला. कोणाची दुचाकी, कोणाचा ऑटो, कोण कोणाच्या मागं बसणार, यावर वाद सुरू झाला. सर उठले आणि प्रणालीजवळ आले.

"म्हणजे खोली काही तुम्हाला लागत नाही."

"लागंन नं सर," प्रणाली म्हणाली. "आल्यावर भांडाले!"