दाराबाहेरच्या चपला

कारखान्याच्या कॉम्प्युटर खोलीत आम्ही तिघं अनवाणी उभे होतो, चपला दाराबाहेर. काष्टीच्या एका शेतकऱ्याची ऊसतोडीची तारीख कुणीतरी ऑपरेटर शुभांगीच्या पासवर्डनं महिनाभर अलीकडं आणली होती. तो शेतकरी माझा मेव्हणा, हे साहेबांना ठाऊक नव्हतं. “बदल वजनकाट्यावरच्या कॉम्प्युटरवरून झालाय, साडेअकराला,” साहेब कागद बघत म्हणाले. “तेव्हा तुझ्या चपला इथंच दाराबाहेर होत्या, मी बघितल्या, शुभांगी. पासवर्ड आणखी कुणाला ठाऊक हाय?” तिचे वडील दवाखान्यात असताना तिनं तो मला एकट्याला सांगितला होता. तिनं माझं नाव घेतलं नाही. मी बोलेन म्हणून थांबली असावी. मी फरशीकडं बघत राहिलो. “उद्यापासून तुझा पासवर्ड फक्त ह्याच खोलीत चालंल,” म्हणत साहेब गेले. तीही गेली. गुडघ्यामुळं मला वाकवत नाही, म्हणून जाताना ती रोज माझ्या चपला सरळ करून ठेवते. आजही ठेवल्या होत्या.