लाल स्टूल

लाल स्टूल जागेवर नव्हतं. ताईंनी ग्रंथालयाच्या बालविभागाचे चारही कोपरे पाहिले, टेबलाखाली वाकून पाहिलं, शेवटी झाडणाऱ्या मावशींना विचारलं. "मघाशी तुमचीच पोरं घेऊन गेली की," मावशी म्हणाल्या. मांडलेल्या खुर्च्यांचा गोल तसाच होता आणि एकाही खुर्चीवर कोणी नव्हतं.

ताई खिडकीशी गेल्या. समोरच्या बसथांब्यावर त्यांचं वाचनमंडळ बसलं होतं. बस आली, थांबली, निघून गेली. एकही जण चढला नाही. सगळ्यांच्या मांडीवर पुस्तकं होती आणि मधोमध लाल स्टूल.

ताईंना आधी खरंच वाटेना. ग्रंथालयातलं हे मंडळ त्यांनी तळहातावरच्या फोडासारखं जपलं होतं. शनिवारची दुपार मिळावी म्हणून त्या मुख्य ग्रंथपालांशी भांडल्या होत्या. पोरांना टेकायला उशा हव्यात म्हणून घरचे बरे पडदे फाडले होते. ते स्टूलसुद्धा त्यांच्याच स्वयंपाकघरातलं. त्यावर बसायचं आणि पुस्तकातलं एक पात्र होऊन बोलायचं, ही पद्धत त्यांनीच पाडली. स्टुलावर बसलेल्याला मध्येच अडवायचं नाही. उतरल्यावर 'हे तुझंच होतं का' असं विचारायचं नाही. पुस्तक पुरं झालं नसेल तर आल्या आल्या सांगून टाकायचं, त्यात लाज नाही. एवढ्यावर तर शाळेत तोंडातून अक्षर न काढणारी पोरं इथे घडाघडा बोलायला लागली होती. आणि त्याच पोरांनी आज केसाने गळा कापला होता.

जिना उतरताना ताई आपलं काय चुकलं ते शोधत होत्या. गेल्या शनिवारी मंडळ जरा लवकर गुंडाळलं, एवढंच. त्या दिवशी चिमणी स्टुलावर बसली होती. चणीने लहान आणि आवाज त्याहून लहान, म्हणून सगळे तिला चिमणी म्हणत. वर्षभर ती नुसती ऐकायला यायची. त्या दिवशी पहिल्यांदाच बसली आणि खाली बघत म्हणाली, "या घरात मी आहे की नाही, कोणाला फरक पडत नाही. मी निघून गेले तरी चार दिवस कोणाला कळायचं नाही." ताईंच्या काळजात चर्र झालं. दुसऱ्याचं दुःख कोणी इतक्या खरेपणाने बोलतं का? "बास, आज इथेच थांबू," म्हणत त्यांनी सगळ्यांना घरी पाठवलं आणि संध्याकाळी चिमणीच्या आईला फोन केला. प्रश्न पोरीच्या जिवाचा होता. मंडळाला त्या फोनबद्दल कळायचं काही कारण नव्हतं.

त्या रस्ता ओलांडून थांब्यावर पोचल्या.

"माझंच स्टूल घेऊन मलाच टाळलंत?" ताई म्हणाल्या. "नको होते मी, तर तोंडावर सांगायचंत. इतकी परकी झाले का मी तुम्हाला?"

पोरांतली वकील उठली. ती चिमणीची शेजारीण. प्रत्येक पुस्तकावर वाद घालते म्हणून ताईंनीच तिला हे नाव दिलं होतं. आज मात्र तिला वाद घालायचा नव्हता.

"ताई, चिमणी आता मंडळात येणार नाही. तिच्या आईनं तिच्या खोलीच्या दाराची कडी काढून टाकलीय. शाळेत सोडायला आणि आणायला मामा जातो. पुस्तकं सगळी माळ्यावर. आई रोज विचारते, कुठे जाणार होतीस, कोणाबरोबर जाणार होतीस. आणि तिच्याकडे उत्तरच नाही."

"अगं, पण ती स्वतः म्हणाली ना..."

"ती नाही, पुस्तकातली मुलगी म्हणाली. चिमणीनं आमच्या गच्चीवर आठवडाभर पाठ केलं होतं ते. तुमच्यासमोर अडखळायचं नव्हतं तिला."

ताईंचे कान गरम झाले. पुस्तक त्यांनीच निवडलं होतं. कपाटांच्या तपासणीच्या धांदलीत शेवटचं प्रकरण तेवढं राहून गेलं. तरी त्या शनिवारी त्या गोलात येऊन बसल्या आणि पुस्तक पुरं झालेलं नाही हे काही बोलल्या नाहीत.

"तुम्ही शेवट वाचला नव्हतात ना?" वकिलासारखं नव्हे, अगदी हळू विचारलं तिनं.

ताईंनी मान डोलावली. वकीलने लाल स्टूल पायाने पुढे सरकवलं. "बसा."

ताई बसल्या. इतक्या शनिवारांत त्या या स्टुलावर कधी बसल्या नव्हत्या. ते फारच बुटकं होतं, गुडघे वर येत होते आणि सगळी पोरं त्यांच्याहून उंच दिसत होती. आणखी एक बस थांबली. चालकाने या गोलाकडे पाहिलं, वाट पाहिली आणि निघून गेला. वकीलने शेवटचं पान उघडून पुस्तक ताईंच्या हातात दिलं.

"तुम्ही तिला जिथे थांबवलंत, तिथून पुढे. पात्र होऊन वाचायचं, ताई."

ताईंनी ओळ शोधली. वाचायला लागल्या तेव्हा त्यांचा आवाज चिमणीपेक्षाही लहान येत होता.

"पण आज हे सगळं मी एका बाईंना सांगितलं. त्यांनी नुसतं ऐकून घेतलं, कोणाला बोलल्या नाहीत. म्हणून मी गेले नाही."