कोपर पोचंल एवढी जागा

बसा जरा, एक गोष्ट सांगतो. लई लांब न्हाय, कळंबच्या दवाखान्यातनं येडशीच्या गाडीपतूरच हाय.

डाक्टरनं आण्णासाहेबांच्या दंडाचा पट्टा सोडला अन् पुन्हा बांधला. बीपी तेच, एकशे नव्वद. तीन-तीन गोळ्या चालू असून. मिठाचं इचारलं, तंबाखूचं इचारलं. मंग म्हणला, झोप कशी हाय?

आण्णासाहेब खुलले. "झोप लई झ्याक. पाठ टेकली की घोरतो. माझ्या घोरण्यानं आळीत चोर शिरत न्हाय."

डाक्टर हसला. पोरगा कुमार हसला. सून मोनिकानं पदर तोंडाला लावला. मागं स्टुलावर बसलेली त्यांची बायको धुरपदाबाई तेवढी हसली न्हाय. तिला ठावं होतं, घोरता घोरता मधीच ह्यांचा दम बंद पडतो, कुणी गळा आवळल्यागत. बत्तीस वर्सं ती कोपर मारून त्यो दम चालू करत आली. औंदा सून घरात आली. रीतीपरमाणं सासऱ्याची बाज गोठ्यात गेली अन् सासूचं अंथरूण चुलीपाशी. मधी दोन भिताडं. तवापासनं बीपी गोळ्यांना जुमानंना.

एवढंच सांगायचं होतं तिला. म्हणली, "साहेब, म्या ह्यांच्याजवळ निजले तर..."

"आय," कुमार दात खात हळूच म्हणला, "सून बसलीय हितं. वयाचं तरी भान ठेव."

मोनिकानं भिंतीकडं तोंड फिरवलं. डाक्टर तवर चौथी गोळी लिहीत होता. बाहेरनं पुढचा नंबर आत आला.

गाडीत पोरगा-सून पुढं बसले, म्हातारा-म्हातारी मागं एका शिटावर. गाडी सुटली अन् आण्णासाहेबांची मान कलली. घोरणं ऐकून लोक हसायला लागले. मंग घोरणं थांबलं. लोकांना वाटलं, सुटलो एकदाचं. धुरपदाबाई मनात मोजत होती. धा. पंधरा. ईस. तिनं बरगडीत कोपर मारलं. बुडता माणूस वर आल्यागत म्हाताऱ्यानं दम ओढला अन् डोळं न उघडताच कुरकुरला,

"झोपू दी की गं. माझं सुख बघवंना व्हय तुला?"

ती पुन्हा एकापासनं मोजायला लागली.

तवा एक करा. त्या गाडीत कवा चढलात अन् पुढं बायकांची शीट मोकळी दिसली, तर तिला तिकडं जा म्हणू नका. येडशी येस्तवर बसू द्या तिथंच.