चुरस संपली

बायको वारल्यापासून वेंडेल रोज वॉसॉ शहरातल्या प्रचार कार्यालयात येऊन मतदारांना फोन लावायचा. अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी पक्षातले दोघेच उरले होते. त्यांतल्या एकाचं हे कार्यालय, आणि समोरचा मैदान कधी सोडतो, हीच तिथली चर्चा.

"शुक्रवारपर्यंत गाशा गुंडाळतोय बघा तो!" कार्यालय सांभाळणारी मार्लिस म्हणायची.

"अगं, चिवट आहे तो. इथलं पक्षातलं मतदान होईपर्यंत हलायचा नाही," वेंडेल म्हणायचा.

गुरुवारी दुपारी बातमी आली, त्याने माघार घेतली. सगळ्यांनी टेबलं बडवली. मार्लिसने वेंडेलला मिठीच मारली.

"जिंकलो की हो आपण! आता इथे लढतच उरली नाही. कार्यालय आजच बंद करायला सांगितलंय."

वेंडेलने हातातला फोन खाली ठेवला.


"बरं," तो म्हणाला, "मग उद्या मी कुठे येऊ?"