सर्व ग्राहकांना कळवण्यात येते की

लोकांचे पैसे गुंतवून देणारा माझा दादा नियमांच्या बाबतीत भलताच काटेकोर. एखाद्या ग्राहकाशी खासगी संबंध जुळू लागला, तर तो लेखी कळवायचा आणि सगळ्या ग्राहकांना एकाच वेळी, हा त्याच्या धंद्यातला नियम.

काल त्याने चाळीसच्या चाळीस जणांना मेल धाडला: ‘आपल्यापैकी दातांच्या डॉक्टरीणबाई मला फार आवडू लागल्या आहेत. त्यांचे पैसे सांभाळताना माझा तोल जाऊ शकतो. कळावे.’

मी कपाळावर हात मारून घेतला. दुपारपर्यंत एकोणचाळीस उत्तरं आली, सगळ्यांचा प्रश्न एकच: ‘अहो, पण त्यांना विचारलंत का?’



संध्याकाळी चाळिसावं आलं: ‘माझे पैसे आजच दुसऱ्या सल्लागाराकडे हलवले. आता बिनधास्त विचारा.’