एकोणऐंशी

आमची जुळी, मनन आणि मेधा, आठवीत आहेत. देवासच्या हिंदी शाळेत वाढलेली ही पोरं माझ्याशी भांडतातसुद्धा हिंदीत. मराठी आकडे शिकवायला बसले, की "मम्मी, एकोणऐंशी कौन बोलता है यार" म्हणत पळ काढतात. मी तर हात टेकले होते.

आज त्यांच्या कोचिंगच्या सरांचा फोन आला. सर चांगलेच तापलेले होते.

"भाभीजी, आपके दोनों बच्चे टेस्ट में एक-दूसरे को जवाब बता रहे थे, वो भी मराठी में, ताकि मैं न समझूँ. ये एकोणऐंशी क्या होता है?"

"उन्यासी," मी पडेल आवाजात म्हणाले.

"देखिए, जवाब भी उन्यासी ही था. दोनों को ज़ीरो दे रहा हूँ."

मी पुन्हा पुन्हा माफी मागून फोन ठेवला. तशीच नवऱ्याला दुकानात फोन लावला.



"अहो, येताना गरम जलेबी आणा. पोरांना एकोणऐंशी म्हणता आलं."