आठवा कोर

अमृता बनवत असलेल्या कॉम्प्युटर चिपवर आकडेमोड करणारे आठ भाग, म्हणजे कोर होते, पण ते काम कमी करायचे आणि मेमरीतून डेटा येईपर्यंत ताटकळायचे जास्त. तीन आठवडे डोकं फोडून वैतागलेली ती रविवारी डोंबिवलीला आईच्या पोळी-भाजी केंद्रात जाऊन बसली. सात बायका भराभर पोळ्या लाटत होत्या. तिची आई रमाबाई मधोमध कणकेच्या परातीशी नुसत्या बसलेल्या, नेहमीसारख्या.

“आई, एवढ्या ऑर्डरी साचल्यात, तू पण लाट की गं!”

“मी लाटायला घेतलं तर कुणाची कणीक संपत आलीय ते कोण बघणार?” म्हणत रमाबाईंनी एक गोळा कोपऱ्यातल्या बाईच्या हाताशी सरकवला. तिला मान वर करावी लागली नाही. इथे कणकेसाठी उठलेली बाई आपण कधी पाहिलीच नाही, हे अमृताला आज पहिल्यांदा जाणवलं.

सोमवारी वागळे इस्टेटमधल्या ऑफिसात तिने आठव्या कोरची आकडेमोड काढून घेतली. बाकीच्या सातांना पुढे काय लागेल ते आधीच आणून ठेवायचं, एवढंच काम त्याला दिलं. सगळं निम्म्या वेळात उरकलं. साहेब स्क्रीनकडे बघतच राहिले.

“आणि हा आठवा? हा काहीच करत नाही?”

“मलाही इतकी वर्षं तसंच वाटायचं, सर.”